खांदा आणि बीळ

मार्चचा मध्य. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाकडच्या इन्व्हरकार्गिलमध्ये थंडी दारात येऊन उभी होती. मी इथे फिजिओथेरपिस्ट आहे, मूळची मुरुडची. त्या दिवशीच्या आजी ७१ वर्षांच्या, तक्रार उजव्या खांद्याची. सोबतची नात त्यांना 'ताउआ' म्हणत होती. माओरी म्हणजे इथले मूळ रहिवासी; त्यांच्यातल्या दक्षिणेकडच्या काइ ताहू लोकांत आजीला हाच शब्द.

मी ठरलेले प्रश्न विचारले. केस विंचरता येतात? वरच्या फळीवरचा डबा निघतो?

"डबा नात काढते. मला बिळात हात घालायचाय."

मी नको नको म्हणेपर्यंत त्या जमिनीवर पालथ्या झाल्या. गाल फरशीला, उजवा हात डोक्यापुढे. अर्ध्यावर खांदा अडला. माझ्या फॉर्ममध्ये या हालचालीला रकानाच नव्हता.

बीळ तीतीचं. हा समुद्रपक्षी राकिउराच्या, म्हणजे स्टुअर्ट बेटाच्या आसपासच्या लहान बेटांवर बिळात एकच अंडं घालतो. पिल्लं धरायचा हंगाम १ एप्रिल ते ३१ मे, आणि हक्क राकिउरा माओरींचा. १८६४ साली सरकारने राकिउरा विकत घेतलं तेव्हा यातली बरीच बेटं त्यांनी राखून ठेवली. सरकारकडे गेलेली १९९८च्या समझोत्यात परत मिळाली. आधी दिवसा बिळात हात घालून पिल्लू ओढायचं, तो 'नानाओ'. पुढे पिल्लं रात्री आपणहून बाहेर येतात, तेव्हा उजेड घेऊन जायचं, तो 'रामा'.

"आमच्याकडे रताळं पिकत नाही गं, एवढी थंडी. मग हिवाळ्यात खायचं काय?"

मला आमची आगोट आठवली. पावसाआधी सुकट, सोडे भरून ठेवायची ती घाई. यांची बरणी मात्र समुद्रातलीच. रिमुरापा नावाच्या जाड समुद्रशेवाळाचं पान आतून सोडवून पिशवी करायची, फुंकून फुगवायची, वाळवायची. तिच्यात स्वतःच्याच चरबीत शिजलेले पक्षी, बाहेरून तोतारा झाडाची साल. या पिशवीला 'पोहा' म्हणतात. मला हसू आवरेना, मग आपल्या पोह्यांबद्दल सांगावं लागलं. पूर्वी असे पोहा भरून उत्तरेकडच्या लोकांशी देवाणघेवाण चाले. आता बहुतेकजण मीठ लावून प्लास्टिकच्या बादल्या भरतात.

यंदा जाऊ नका, असं मी सांगणार होते. नातीने असं काही पाहिलं की जीभ आवरली. तिघींनी जमिनीवर बसूनच ठरवलं: नानाओ नात करील, ताउआ पिसं काढायला बसतील, खांद्याने साथ दिली तर रामाला जातील. फॉर्मवर 'ध्येय'समोर मी 'बीळ' लिहिलं आणि दोन आठवडे पालथं झोपवूनच व्यायाम घेतले.

जूनमध्ये त्या बादली घेऊन आल्या. नानाओ केलाच होता, हे चेहऱ्यावरून कळत होतं.

"खांदा बरा आहे," त्या म्हणाल्या, "बिळंच यंदा खोल झालीत."

उकळताना पाणी तीनदा बदल, असं बजावून गेल्या. मी दोनदाच बदललं, आणि रात्रभर पाणी पीत बसले.