मेपलची बिअर आणि मेथीचे दाणे

मेपल सिरप घालून घरी बिअर करतो म्हटलं की फोनवर पलीकडून हमखास प्रश्न येतो, "म्हणजे गोड लागते का रे?" अजिबात नाही. उलट साध्या बिअरपेक्षा जरा कोरडीच लागते. नवख्यांचा हिरमोड होतो तो इथेच.

मेपल सिरप म्हणजे मेपलच्या झाडाचा रस आटवून केलेला पाक. त्यात वजनाने दोन तृतीयांश साखर असते आणि ती जवळजवळ सगळी सुक्रोज, म्हणजे चहात घालतो तीच. माल्टमधल्या, म्हणजे बिअरसाठी मोड आणून वाळवलेल्या धान्यातल्या, काही शर्करा यीस्टला (साखर खाऊन अल्कोहोल आणि गॅस करणाऱ्या किण्वाला) पचत नाहीत. त्या मागे राहतात आणि बिअरला भरीवपणा देतात. सुक्रोजचा मात्र यीस्ट पार फडशा पाडतं. इथे कॅनडातल्या क्युबेकमध्ये सिरप ५४० मिलीच्या पत्र्याच्या डब्यात मिळतं. असा एक डबा २० लिटर बिअरमध्ये रिचवला, तर अल्कोहोल टक्का-दीड टक्का वाढतं आणि गोडवा म्हणाल तर नावालाही उरत नाही.

मग घालायचं कशाला? वासासाठी. ओलसर लाकूड, करपायच्या जरा आधीचं कॅरमेल, थोडा व्हॅनिला असा काहीसा तो वास, आणि अतिशय पळपुटा. उकळत्या पातेल्यात सिरप ओतलंत तर वाफेबरोबर जातो. यीस्ट ऐन जोरात असताना ओतलंत तर गॅसच्या बुडबुड्यांबरोबर एअरलॉकमधून (भांड्याच्या तोंडावरच्या, गॅस बाहेर सोडणाऱ्या नळीतून) बाहेर. घर छान घमघमतं, बिअर कोरी राहते! म्हणून चार-पाच दिवस थांबायचं. वरचा तपकिरी फेस खाली बसला, बुडबुडे मंदावले, की मग सिरप सोडायचं. तासाभरात एअरलॉक पुन्हा डुबुक डुबुक करू लागतो.

सिरप कुठलं घ्यायचं, याचं उत्तर मोसमात आहे. मार्च-एप्रिलमध्ये रात्री शून्याखाली आणि दिवसा शून्याच्या वर असं हवामान असलं की झाडातून रस वाहतो. दिसायला पाणीच, साखर जेमतेम दोन टक्के. एक लिटर सिरपसाठी सुमारे ४० लिटर रस आटवावा लागतो. मोसमाच्या सुरुवातीचं सिरप सोनेरी आणि नाजूक, शेवटाकडचं काळपट आणि उग्र. जगातलं सुमारे ७० टक्के सिरप एकट्या क्युबेकचं, त्यामुळे इथल्या लोकांना यातलं बारीकसारीक कळतं आणि सोनेरीचं कौतुक फार. पॅनकेकवर ते ठीक आहे. बिअरमध्ये सोनेरी सिरप घालणं म्हणजे माझ्या मते पैसे मोरीत ओतणं. डब्यावर 'डार्क' किंवा 'व्हेरी डार्क' लिहिलेलं बघून घ्यावं.

बिअरही त्याला साजेशी हवी. ब्राउन एल किंवा पोर्टर अशी गडद बिअर उत्तम, कडवटपणा आणणारे हॉप्स बेताचे. धान्य ६८ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या पाण्यात भिजवलं तर न पचणाऱ्या शर्करा जास्त उतरतात आणि सिरपमुळे येणारा पातळपणा भरून निघतो.

सिरप घालायची माझी आवडती वेळ मात्र बाटली भरतानाची. बाटलीत फेस यावा म्हणून तेव्हा साखर घालतातच. तिच्याऐवजी २० लिटरला सुमारे १४० मिली सिरप घालायचं, म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या आसपास साखर होते. बाटली बंद असल्याने वासाला पळायला वाट नसते. त्याआधी हायड्रोमीटरचा (बिअरची घनता मोजायच्या नळीचा) आकडा दोन-तीन दिवस जागचा हललेला नसावा. आतली साखर संपलेली नसताना भरलेल्या बाटल्या फुटतात आणि काचा भिंतीत जाऊन रुततात.

आता गंमत. एवढं करूनही वास कमी वाटला तर इथले जाणते लोक काय घालतात? मेथी! सोटोलॉन नावाचं एक सुगंधी द्रव्य मेथीत भरपूर असतं, आणि मेपलचा म्हणून जो वास आपण ओळखतो तोही बराचसा त्याचाच. नकली मेपल सिरपमध्ये मेथीचा अर्क म्हणूनच वापरतात. २००५ पासून न्यूयॉर्क शहरावर अधूनमधून मेपल सिरपचा वास पसरायचा आणि तो येतो कुठून ते कुणाला कळेना. २००९ मध्ये शोध लागला: नदीपलीकडे न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात मेथीदाण्यांवर प्रक्रिया चालायची.

चमचाभर दाणे मंद आचेवर भाजून, जाडसर कुटून फर्मेंटरमध्ये, म्हणजे बिअर आंबते त्या भांड्यात, टाकले तर पुरतात. दुसऱ्या दिवसापासून रोज थोडी चव बघावी आणि कडवटपणा जाणवण्याआधी बिअर दाण्यांवरून काढून घ्यावी. माझ्या क्युबेकी शेजाऱ्याला ही सरळ भेसळ वाटते. पण ग्लास पुढे करताना तो मेथीची की बिनमेथीची, हे विचारत नाही.