बसतंय, पण चालत नाही

पंखे फिरतात, दिवे लागतात, डिस्प्ले मात्र येत नाही, अशी तक्रार घेऊन ते मशीन आलं. व्हिडिओ एडिटिंगसाठी मालकाने स्वतः यादी करून भाग घेतले होते आणि स्वतःच जोडले होते. रायझन ७ ९७००एक्स प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा एटीएक्स बोर्ड (मदरबोर्ड), १६ जीबीच्या चार डीडीआर५ रॅम स्टिक, आरटीएक्स ४०७० सुपर ग्राफिक्स कार्ड आणि ७५० वॅटचा मॉड्युलर (केबल वेगळ्या काढता-लावता येणारा) एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, हे सगळं नवं. कॅबिनेट, टॉवर कूलर आणि एम.२ एसएसडी जुन्या एएम४ (रायझनचा आधीचा सॉकेट) मशीनमधून उचललेले. सोबत फुटेजने भरलेली एक हार्ड डिस्क होती. डिस्प्ले आला की तीही लावून द्या, असं मालकाचं म्हणणं.

यादी वाचून खोट सापडत नव्हती. सॉकेट जुळतो, रॅमची पिढी जुळते, वॅटेज भरपूर आहे. बहुतेक जण इथपर्यंतच तपासतात आणि खरेदीला लागतात. या खोक्यात मात्र न जुळणाऱ्या सहा जागा निघाल्या. त्यातल्या एकीने फुटेजची डिस्क जागच्या जागी मारली असती.

डिस्प्ले न येणाऱ्या मशीनमध्ये कॅबिनेटमध्येच हात घालून एकेक भाग बदलत बसण्यात अर्थ नसतो. बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला. त्यावर फक्त प्रोसेसर, कूलर आणि एकच रॅम स्टिक ठेवली, तीही प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या स्लॉटमध्ये. एसएमपीएसची २४ पिनची आणि प्रोसेसरची ८ पिनची अशा दोनच केबल लावल्या. ९७००एक्समध्ये साधं अंगचं ग्राफिक्स असतं, त्यामुळे कार्ड बाजूला ठेवून बोर्डाच्याच एचडीएमआयवरून डिस्प्ले बघता येतो. नावाच्या शेवटी एफ असलेल्या प्रोसेसरला ही सोय नाही, तिथे कार्ड लावावंच लागतं. एवढं करूनही बोर्डावरच्या चार तपासदिव्यांपैकी ‘सीपीयू’चा दिवा लागून राहिला.

बी६५० बोर्ड ऑक्टोबर २०२२ मध्ये बाजारात आले आणि रायझन ९००० मालिका ऑगस्ट २०२४ मध्ये. मधल्या काळात तयार होऊन गोदामात पडून राहिलेल्या बोर्डाचं बायोस (बोर्डातच साठवलेलं, मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) या प्रोसेसरला ओळखत नाही. सॉकेट तोच, पिना त्याच, पण बोर्डाला समोर कोण बसलंय हेच कळत नाही. प्रत्येक बोर्डाच्या उत्पादकाकडे प्रोसेसरची यादी असते आणि तीत प्रत्येक नावापुढे ‘या बायोस आवृत्तीपासून’ असा रकाना असतो. खरेदीआधी वाचायचा तो रकाना. बोर्डावरच्या स्टिकरवर जी आवृत्ती छापलेली होती, ती त्या रकान्यातल्या आवृत्तीच्या कितीतरी आधीची निघाली.

नशिबाने या बोर्डाला फ्लॅशबॅकचं, म्हणजे प्रोसेसर न चालताही बायोस अपडेट करायचं बटण होतं. ते नसतं तर ७००० मालिकेतला एखादा प्रोसेसर तात्पुरता बसवून अपडेट करावं लागलं असतं. म्हणून नव्या पिढीचा प्रोसेसर जुन्या चिपसेटच्या बोर्डावर घेणाऱ्याला मी आधी या बटणाबद्दल विचारतो, बाकी गोष्टी नंतर. पद्धत सोपी आहे, पण काटेकोर पाळावी लागते. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करायचा. बायोसची फाइल त्यावर कुठल्याही फोल्डरबाहेर ठेवून बोर्डाच्या पुस्तिकेत दिलेलं नेमकं नाव तिला द्यायचं. पेनड्राइव्ह मागच्या बाजूला खूण केलेल्या त्या एकाच पोर्टमध्ये लावायचा, शेजारच्या पोर्टमध्ये लावून काही होत नाही. मग बटण दाबून धरायचं. दिवा लुकलुकायला लागला की तो स्वतःहून विझेपर्यंत वीज तोडायची नाही. दिवा दोन-चार वेळा लुकलुकून लगेच थांबला, तर फाइलचं नाव नाही तर पेनड्राइव्हचं फॉरमॅट चुकलंय असं समजायचं.

अपडेट झालं, मशीन चालू केलं. सीपीयूचा दिवा गेला आणि ‘डीरॅम’चा, म्हणजे रॅमचा, लागला. काळा पडदा, फिरते पंखे, आणि मिनिटामागून मिनिट जातंय. पुष्कळ चांगली मशीन इथे ‘मेलेली’ ठरतात. डीडीआर५ मध्ये बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना प्रत्येक स्टिकशी वेळेचा मेळ जमवून घेतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. एएम५ वर, म्हणजे या बोर्डाच्या सॉकेटवर, त्याला कित्येक मिनिटं लागू शकतात. मधेच बटण दाबून बंद केलं की पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून. वाट बघितली, आणि डिस्प्ले आला.

आता बायोसमध्ये तापमान दिसायला लागलं, आणि ते चढत होतं. काही काम चालू नसताना आकडा ८० च्या पुढे गेला, तसं मशीन बंद करून कूलर उतरवला. प्रोसेसरच्या पत्र्यावर उष्णता वाहून नेणारी पेस्ट एका कडेला दाबली जाऊन कागदासारखी पातळ झाली होती. दुसऱ्या कडेला नळीतून पिळलेली रेघ जशीच्या तशी उभी होती. म्हणजे त्या बाजूला कूलर टेकलाच नव्हता.

एएम४ आणि एएम५ च्या बोर्डांवर कूलरच्या चार भोकांमधलं अंतर एकच आहे, ५४ गुणिले ९० मिमी. त्यामुळे ‘एएम४ चा कूलर एएम५ वर चालतो’ असं सर्रास सांगितलं जातं, आणि अर्ध्या कूलरांच्या बाबतीत ते खरंही आहे. फरक मागच्या पट्टीत आहे. एएम४ ची मागची पट्टी काढता येते, म्हणून कित्येक कूलर स्वतःची पट्टी घेऊन येतात आणि तिच्यातून लांब खुंट्या पुढे काढतात. एएम५ ची पट्टी सॉकेटलाच जखडलेली असते, ती काढायची नसते. कूलरला त्या पट्टीच्याच आट्यांमध्ये स्क्रू करता आलं पाहिजे. हा कूलर स्वतःची पट्टी मागणारा होता. जुने स्क्रू या आट्यांत फिरवल्यावर दोन खालपर्यंत गेले आणि दोन तिरके अडकले. हाताला मात्र घट्ट लागत होतं. अशा वेळी कूलरच्या उत्पादकाचा एएम५ साठीचा माउंटिंग किट मागवायचा, नाहीतर बोर्डाच्या पट्टीवर बसणारा कूलर घ्यायचा. जुगाड करू नये, कारण तिरका स्क्रू पट्टीची आटी खराब करतो आणि मग बरोबर किट आणूनही उपयोग होत नाही. इथे आटी शाबूत होती. किट मिळाला आणि तोच कूलर नीट बसला. त्याची उंची १५८ मिमी, कॅबिनेटची मर्यादा १६०. तिथे अडचण नव्हती.

मग उरलेली रॅम. मालकाने दोन-दोनच्या दोन किट घेतल्या होत्या, ६००० च्या वेगाच्या, एकाच मॉडेलच्या. चारही लावून एक्स्पो प्रोफाइल (रॅम तिच्या छापील वेगावर चालवणारी तयार सेटिंग) चालू केलं. लांबलचक ट्रेनिंगनंतर मशीन उठलं, पण रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ ने पहिल्याच फेरीत चुका दाखवल्या. स्टिक एकही खराब नव्हती. कुठलीही किट एकटी दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये ६००० वर बिनचूक चालत होती. या मालिकेसाठी रायझन बनवणाऱ्या एएमडीने हमी दिलेला वेग दोन स्टिकला ५६०० आहे आणि चार स्टिकला फक्त ३६००. एकाच तारेवर दोन स्टिक आल्या की सिग्नलवरचा भार वाढतो आणि तो या वेगाला स्वच्छ राहत नाही. शिवाय किट ही आपापसात तपासलेली असते. दोन वेगळ्या किट एकत्र तपासलेल्या नसतात, डबे सारखे दिसले तरी. एक्स्पो स्वतः ओव्हरक्लॉकच (हमीच्या वेगापेक्षा जास्त चालवणं) आहे, दोन वेगळ्या किट एकत्र लावल्यावर त्याची हमी कोणी देत नाही.

एडिटिंगला ६४ जीबीची गरज खरी होती, म्हणून दोन स्टिक काढून ३२ वर भागवा असं सांगणं बरोबर झालं नसतं. चारही स्टिक ३६०० वर चालवल्या की मशीन स्थिर होतं, पण घेतलेल्या वेगाचा मोठा भाग वाया जातो. मी ३२ जीबीच्या दोन स्टिकची एक किट सुचवली आणि मालकाने ती बदलून आणली. ती ६००० वर मेमटेस्टच्या चारही फेऱ्या पार करून गेली. चार स्लॉट दिसले की चार भरावेत असं वाटतं, पण डीडीआर५ च्या बोर्डावर दोन स्लॉट रिकामे ठेवायच्या हिशेबानेच रॅम घ्यावी.

एम.२ एसएसडी स्लॉटमध्ये व्यवस्थित बसली, स्क्रूही लागला, बायोसमध्ये मात्र दिसली नाही. ती साटा (जुनी, हळू जोडणी) जातीची होती आणि या बोर्डाचे एम.२ स्लॉट फक्त एनव्हीएमई (नवी, वेगवान जोडणी) घेतात. कनेक्टरवरच्या खाचा मोजून जात ओळखता येते असं म्हणतात, पण दोन खाचांच्या काही एनव्हीएमईही निघाल्या आहेत, म्हणून लेबल वाचावं. साध्या ॲडॅप्टरमध्ये घालून तिला साटा पोर्टवर लावलं आणि मुख्य डिस्क म्हणून नवी एनव्हीएमई घेतली.

साटा म्हटलं की वीज आली, आणि कॅबिनेटमध्ये साटाची वीजकेबल आधीच छान बांधून ठेवलेली होती. नव्या एसएमपीएसच्या केबल गोल, जाळीदार आवरणाच्या होत्या आणि ही एक चपटी, काळी. जुन्या एसएमपीएसची केबल जागच्या जागी ठेवून तिचं टोक नव्यात खोचलेलं. मालक फुटेजची डिस्क या केबलवर लावणार होते. डिस्कच्या बाजूचा साटा कनेक्टर सगळीकडे सारखा असतो, एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांचा क्रम मात्र ज्याचा त्याचा. एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही तो वेगळा असू शकतो. प्लग बसतो, म्हणून घात होतो. केबलवर काही न लावता एसएमपीएस एकटा सुरू केला (२४ पिनच्या प्लगमधली १६ क्रमांकाची पिन जमिनीच्या (ग्राउंडच्या) पिनेला जोडून) आणि मल्टिमीटर लावला. साटा कनेक्टरच्या ७, ८, ९ या पिनांवर ५ व्होल्ट यायला हवेत. तिथे १२ व्होल्ट येत होते. डिस्क लावली असती तर बटण दाबताक्षणी तिचं सर्किट गेलं असतं. केबल मालकाला मीटरसकट दाखवली. नवा एसएमपीएस बसवताना जुन्याची एकही केबल कॅबिनेटमध्ये ठेवायची नाही, आणि याला अपवाद नाही.

शेवटी ग्राफिक्स कार्ड. लांबी ३०८ मिमी, कॅबिनेटची मर्यादा ३३०. पण हा आकडा पुढचे पंखे न धरता दिलेला होता. पंख्याची जाडी २५ मिमी, म्हणजे हातात उरतात ३०५. तीन मिलिमीटरसाठी कार्ड तिरपं घुसवायला जाऊ नये, स्लॉटवर ताण येतो. पुढे पाण्याच्या कूलरचा रेडिएटर असता तर आणखी सुमारे २७ मिमी गेले असते. इथे पुढचं प्लास्टिकचं पॅनेल आणि पत्रा यांच्यात जागा होती, पंखे पत्र्याच्या बाहेरच्या बाजूला लावले आणि कार्ड सरळ बसलं. २२० वॅटच्या कार्डाला सोबतच्या ॲडॅप्टरवरून एसएमपीएसच्या दोन स्वतंत्र केबल दिल्या, एकाच केबलची दोन तोंडं वापरली नाहीत. १६ पिनचा प्लग फट न राहता आत गेला आहे हे टॉर्चने बघितलं आणि पहिले तीन-चार सेंटिमीटर केबल सरळ ठेवून मगच वळवली.

प्रोसेसर आणि कार्ड दोन्हींवर एकदम भार टाकून मशीन तासभर चालवलं. प्रोसेसर ८० च्या आत राहिला. फुटेजची डिस्क नव्या एसएमपीएसच्या स्वतःच्या केबलवर लावली आणि फोल्डर उघडून बघितले. पुढे कधी बायोस अपडेट केलंत तर एक्स्पो बंद होईल, ते पुन्हा चालू करावं लागेल, आणि त्यानंतर पहिल्यांदा पडदा बराच वेळ काळा राहिला तरी बटणाला हात लावू नका, एवढं मालकाला सांगून मशीन दिलं.