विकलेली गाडी सोडवायला मीच गेलो

दीड वर्षापूर्वी विकलेली माझी स्कूटर आज जप्त गाड्यांच्या आवारात धूळ खात उभी दिसली. घेणाऱ्याने पूर्ण पैसे दिले होते, किल्लीही त्याच्याकडेच, तरी गाडी त्याच्या ताब्यात देईनात. नोंदणीपत्रावर नाव अजून माझंच! दंडाची नोटीसही माझ्याच नावाने निघालेली, आणि ती गेली माझ्या जुन्या पत्त्यावर. शेवटी नोंदणीपत्र, विमा, ओळखपत्र दाखवलं. दंड आणि दिवसागणिक वाढलेलं जागाभाडं भरलं, तेव्हा गाडी सुटली. आणखी उशीर झाला असता तर लिलावात गेली असती. त्याचा रडवेला चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही. व्यवहाराच्या दिवशीच नाव बदलून द्यायला हवं होतं मी. हस्तांतराच्या अर्जावर सह्या करूनच दोघं घरी परतलो.