इव्हेंट १७ आला म्हणजे ग्राफिक्स कार्ड गेलं असं नाही

असेंबल केलेल्या पीसीच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या 'डब्ल्यूएचईए-लॉगर'च्या पिवळ्या त्रिकोणांची रांग लागली, की बहुतेक जण आधी ग्राफिक्स कार्ड बदलतात, मग रॅम, मग एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा). पैसे जातात आणि त्रिकोण तिथेच राहतात. चूक कुठे पकडली गेली, एवढंच लॉग सांगतो. ती कुणी केली हे आपल्याला शोधावं लागतं, आणि त्याची सुरुवात इव्हेंट आयडीपासून होते.

'विंडोज लॉग्ज'मधलं 'सिस्टिम' उघडा आणि फिल्टर लावून फक्त डब्ल्यूएचईए-लॉगर ठेवा. १७ असेल तर प्रकरण बहुधा पीसीआय एक्सप्रेसचं, म्हणजे कार्डं आणि एसएसडी बोर्डाला जोडणाऱ्या मार्गाचं असतं. खाली 'कंपोनंट: पीसीआय एक्सप्रेस रूट पोर्ट' दिसेल. रूट पोर्ट हे फक्त दार आहे. त्या दाराला काय जोडलंय ते पाहायचं असेल तर लॉगमधले 'व्हेन' (कंपनी) आणि 'डेव्ह' (उपकरण) यांच्यापुढचे आकडे टिपून घ्या. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'डिव्हाइसेस बाय कनेक्शन' करून तोच पोर्ट शोधा. कित्येकदा त्याखाली ग्राफिक्स कार्ड नसतंच, वायफाय कार्ड नाहीतर एनव्हीएमई एसएसडी निघते.

१७ मध्ये डेटा हरवलेला नसतो. पाकीट खराब आलं, समोरच्याने ते पुन्हा पाठवलं, काम झालं. पण मिनिटाला शेकडो नोंदी पडत असतील तर जोडणी कच्ची आहे. नोंदी केव्हा येतात ते बघा. पीसी नुसता पडून असताना येत असतील तर पॉवर ऑप्शन्समध्ये पीसीआय एक्सप्रेसखालचं 'लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट' बंद करा. लोडवर येत असतील तर रायझर केबल (कार्ड आणि स्लॉट यांच्यामधली जोडकेबल) काढून कार्ड थेट स्लॉटमध्ये बसवा. जेन ३ ची (पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीची) रायझर आणि जेन ४ चा बोर्ड 'ऑटो'वर, ही जोडी नेहमीची गुन्हेगार. बायोसमध्ये स्लॉट जेन ३ वर आणला की नोंदी थांबतात का पाहा. सोळा लेनच्या (लेन म्हणजे डेटाची वाट) कार्डाला फरक फारसा जाणवत नाही, चार लेनच्या कार्डाला जाणवतो.

सोलापुरात याच्या जोडीला एक गोष्ट हमखास तपासा: तूस, म्हणजे सुताचे बारीक तंतू. पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीलगत, जिथे चादरी-टॉवेलचे माग चालतात, तिथली धूळ मातीसारखी झटकून निघत नाही. कूलरचा पंखा काढल्याशिवाय ती दिसतही नाही. पंखा आणि हीटसिंकच्या पात्यांच्या मध्ये तिचा गादीसारखा थर बसतो, आणि वरून ब्लोअर मारला तर तो आणखी आत दाबला जातो. पंखा उतरवा, थर चिमटीने उचला, मग ब्लोअर मारा. पंखे बोटाने धरून ठेवा, फिरू देऊ नका. कार्डाचे सोनेरी संपर्क खोडरबरने घासायची सवय सोडा, मुलामा झिजतो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सुटणारं कापड पुरे.

१८ आणि १९ प्रोसेसरचे. १९ म्हणजे दुरुस्त झालेली चूक, १८ म्हणजे जिच्यापुढे पीसी पडला ती. 'कॅश हायरार्की एरर' लिहिलं असेल तर 'एपीआयसी आयडी' पाहा, चूक कुठल्या कोअरवर झाली ते त्यावरून कळतं. दर वेळी तोच आकडा आला तर तो एक कोअर अशक्त आहे. एएमडीच्या रायझनवर कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये (कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या बायोसच्या सोयीत) उणे आकडा दिलेला असेल तर आधी तो शून्य करा. आकडे बदलत असतील तर व्होल्टेज, तापमान आणि रॅमच्या सेटिंगकडे वळा. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर बायोस अद्ययावत करण्यात दिरंगाई नको. जादा व्होल्टेज रोखणारे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या दुरुस्त्या, त्या बायोसमधून मिळतात) २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आले. मात्र आधीच बिघडलेली चिप त्याने सुधारत नाही, ती वॉरंटीतच द्यावी लागते.

रॅमबद्दल मोठा गैरसमज आहे. घरगुती पीसीतली साधी, ईसीसी (चूक पकडून दुरुस्त करण्याची सोय) नसलेली रॅम चुकली तर ते कुणाला कळतच नाही, म्हणून लॉगही पडत नाही. लॉग कोरा आहे म्हणून रॅम निर्दोष ठरत नाही. बायोसमधली एक्सएमपी (रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग) बंद करून मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमच्या चार फेऱ्या रात्रभर चालवा. एक जरी चूक आली तरी एकेक कांडी वेगळी तपासा.

'कर्नल-पॉवर ४१' फक्त एवढंच म्हणतो की पीसी नीट बंद झाला नव्हता. त्याच्या तपशिलातला 'बगचेककोड' वाचा. २९२ असेल तर ती हार्डवेअरची चूक, वरच्या १८ कडे परता. शून्य असेल तर विंडोजला लिहायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे संशय विजेवर. वीज तुटल्यावर एसएमपीएस साधारण १६-१७ मिलिसेकंदच तग धरतो आणि आपल्या विजेचं एक आवर्तन २० चं असतं. एका आवर्तनाएवढा वेळ वीज तुटली तरी पीसी रीस्टार्ट होतो, मग यूपीएस हाच उपाय.

अर्थिंगही बघा. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मल्टिमीटर दोन-तीन व्होल्टच्या वर जात असेल, किंवा कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर वायरमनला बोलवा. एप्रिल-मेमध्ये आपली काळी माती वाळून भेगाळते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. खड्ड्यात तेव्हा नियमित पाणी घालावं लागतं.

एका वेळी एकच बदल करा, तारीख लिहा, दोन दिवस वापरा, मगच पुढचा. लॉग पुसण्याआधी फाइल म्हणून जपून ठेवा. वॉरंटीसाठी दुकानात जाताना 'पीसी अडकतो' असं सांगण्यापेक्षा तीच फाइल आणि तुमच्या तारखा समोर ठेवा.