लोकस्ट ग्रोव्ह पाहायला का जावे?

अमेरिकेतल्या केंटकी राज्यातील लुईव्हिलला येणारे पाहुणे मला हमखास विचारतात, की ज्या कुटुंबाने माणसांना गुलाम करून राबवले, त्याचे घर तिकीट काढून कशासाठी पाहायचे? तुम्हीही विचारलेत म्हणून सविस्तर लिहीत आहे.

लोकस्ट ग्रोव्ह हे इथले विटांचे घर विल्यम क्रोगन आणि त्यांची पत्नी ल्यूसी क्लार्क यांनी १७९० नंतर लगेचच उभारले, तेव्हा केंटकी हा अमेरिकेचा सीमाप्रदेश होता. आयर्लंडमध्ये जन्मलेले क्रोगन भूमापक होते. स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या व्हर्जिनियाच्या सैनिकांना इनाम दिलेल्या जमिनी मोजण्याचे काम त्यांच्याकडे आणि मेहुणे जॉर्ज रॉजर्स क्लार्क यांच्याकडे होते. मोजणीचा मोबदला तेव्हा पुष्कळदा जमिनीच्याच रूपात मिळत असल्यामुळे, शॉनी आणि चेरोकी हे मूळनिवासी लोक जिथे शिकार करीत त्या भूमीचे मोठे तुकडे भूमापकांच्या नावावर झाले. पॅसिफिक महासागरापर्यंत जाऊन आलेले शोधप्रवासी ल्युइस आणि क्लार्क (ल्यूसी यांचे आणखी एक भाऊ) यांचे १८०६ साली इथे स्वागत झाले, पुढे राष्ट्राध्यक्षही येऊन गेले. या पाहुण्यांसाठी मी तुम्हाला तिथे नेणार नाही.

मी नेईन ते स्टीफन बिशपसाठी. विल्यम यांचे पुत्र डॉ. जॉन क्रोगन यांनी १८३९ साली मॅमथ केव्ह ही प्रचंड गुहा विकत घेतली, तेव्हा तिथला वाटाड्या असलेला गुलाम स्टीफनही त्यांच्या मालकीचा झाला. ज्या खोल विवरापाशी सगळे थांबत, ते ओलांडून त्याने पलीकडच्या वाटा शोधल्या होत्या. १८४२ साली त्याला लोकस्ट ग्रोव्हला आणण्यात आले आणि तिथे त्याने केवळ स्मरणातून त्या गुहेचा नकाशा काढला. तो पुढे त्याच्या नावानिशी छापला गेला. मोजणीवर श्रीमंत झालेल्या कुटुंबाच्या घरात, स्वतःच्या देहावरही हक्क नसलेल्या माणसाने केलेले हे काम मला तिथल्या सगळ्या उंची सामानापेक्षा मोठे वाटते. डॉक्टरांच्या मृत्युपत्रानुसार त्याला १८५६ साली मुक्ती मिळाली, आणि पुढच्याच वर्षी तो वारला. मालकांचे घर म्हणून ही वास्तू टाळली, तर त्याच्या कामाची जागाही टळते.

हे घर संग्रहालय म्हणून १९६४ पासून खुले आहे. आधी ते पाहा, मग दक्षिणेकडची गुहा. डॉक्टरांनी क्षयरोग्यांना ठेवण्यासाठी तिच्यात बांधलेल्या दोन दगडी खोल्या अजून उभ्या आहेत.