सापाच्या पिल्लाचा पहिला घास

अंड्यातून बाहेर आलेलं सापाचं पिल्लू पहिला आठवडाभर काहीच खात नाही. अंड्यातला बलक पोटात शिल्लक असतो, त्यावर त्याचं भागतं. साधारण सात ते दहा दिवसांत ते पहिली कात टाकतं आणि खरी भूक त्यानंतर लागते. नाशिकहून आईचा रोज फोन, "अगं, खाल्लं का त्यांनी काही?" मी रोज सांगायचे, कात टाकू दे आधी.

'त्यांनी' म्हणजे कॉर्न स्नेकच्या तीन पिल्लांनी. लीड्समध्ये आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात, त्यांच्याकडच्या मादीने अंडी घातली होती, त्यातली ही तीन आमच्याकडे आली. कॉर्न स्नेक बिनविषारी, मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. इंग्लंडमध्ये तो पाळायला परवाना लागत नाही. धोकादायक विषारी सापांसाठी मात्र १९७६ च्या कायद्याप्रमाणे घ्यावा लागतो. पिल्लू पेन्सिलपेक्षा बारीक, वजन सहा-सात ग्रॅम. एवढ्याशा जिवाने तोंड मिटून घेतलं की घरात कुणालाच चैन पडत नाही.

आपल्याकडे पाहुण्याला आग्रह करून वाढतात. सापाला आग्रह चालत नाही. घाबरलेला साप खात नाही, आणि दर तासाला झाकण उघडून बघणाऱ्या माणसाला तो घाबरतोच. म्हणून आधी अन्न सोडून बाकीचं सगळं तपासायचं. पेटीची एक बाजू २८ ते ३० अंश उबदार, दुसरी थंड, आणि पेटी गरम ठेवणाऱ्या विजेच्या चटईला, म्हणजे हीट मॅटला, थर्मोस्टॅट जोडलेलाच हवा. ऊब नसेल तर सापाला पचवता येत नाही, आणि न पचलेलं तो उलटून टाकतो. दोन्ही बाजूंना लपायला अंधारी जागा, ताजं पाणी. पिल्लांना मोठी पेटीही नको, मोकळ्या जागेत ती बावरतात.

मग पिंकी. म्हणजे एक-दोन दिवसांचं, केस न फुटलेलं उंदराचं पिल्लू. इथे ती पाळीव प्राण्यांच्या दुकानात गोठवलेली मिळतात. आमच्या घरात कोथिंबीर-खोबऱ्याच्या डब्यांशेजारी ती ठेवणं शक्यच नव्हतं, म्हणून छोटा वेगळा फ्रीझर घेतला. पिंकी रात्री फ्रिजमध्ये उतरवून ठेवायची, सकाळी पिशवीत घालून गरम पाण्यात सोडायची. मायक्रोवेव्हमध्ये कधीच नाही, आतून शिजते आणि फुटते. मधे बर्फ राहिला तरी चालत नाही. चिमट्याने धरून तोंडाजवळ हलकेच हलवायची आणि वाट बघायची.

पहिल्या पिल्लाने झडप घातली. दुसऱ्याने तोंड फिरवलं. त्याला पिंकीसकट हवेची भोकं असलेल्या छोट्या डब्यात घालून रात्रभर उबदार, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलं. सकाळी डब्यात एकटं पिल्लू होतं, पोट फुगलेलं.

तिसरं मात्र ढिम्म. नाही म्हटलं की चार-पाच दिवस अजिबात हात लावायचा नाही, तेवढ्या वेळात भूक वाढते. पिंकी साध्या पाण्याने धुऊन दिली, कारण उंदराचा मूळ वास काहींना आवडत नाही. तेही नको. मग मेलेल्या पिंकीच्या डोक्याला सुई टोचून आतला द्रव थोडा बाहेर आणायचा. ऐकायला किळसवाणं आहे, पण साप वास घेतो तो जिभेने, टाळूतल्या जेकबसन अवयवापर्यंत पोचवून, आणि हा वास अनेकांना हलवतो. आमच्या पिल्लाने जीभ काढली, चाचपलं आणि मागे गेलं.

उत्तर सापडलं ते त्याच्या मूळ मुलखात. तिकडे कॉर्न स्नेकची पिल्लं सुरुवातीला छोटे सरडे आणि झाडांवरचे बेडूक खातात, उंदरांकडे वळतात ती मोठी झाल्यावर. ओळखीच्या एका घरी पाळीव गेको, म्हणजे पालीसारखा सरडा आहे. त्याच्या टाकीतला कागदी रुमाल आणून त्यावर ओली पिंकी घोळवली. पिल्लाची जीभ भराभर आत-बाहेर होऊ लागली, मान वाकडी झाली, आणि तोंड उघडलं. मी श्वास रोखून बसले होते. आता दर आठवड्याला तो वास थोडा कमी करायचा आहे.

जबरदस्तीने भरवणं हा अगदी शेवटचा उपाय, तोही सापांचा डॉक्टर किंवा मुरलेला माणूस शेजारी असेल तरच. नाजूक जबडा आणि अन्ननलिका चटकन दुखावते. स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर दर आठवड्याला वजन करत राहावं. वजन टिकून असेल तर काही आठवडे थांबता येतं.

मधे श्रावण आला. आईने पुरणाची दिंडं केली, पाटावर नाग काढला आणि व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "वाटीभर दूध ठेवून बघ की गं." सापाला दूध पचत नाही. नागपंचमीला गारुड्याचा नाग दूध पितो, कारण त्याला कित्येक दिवस तहानलेला ठेवलेला असतो. हे सांगितल्यावर आई बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, "मग लाह्याच वाहीन मी."

निफाडच्या मामाला यातलं काही नवं वाटलं नाही. त्याच्या कांदाचाळीत धामण येते आणि उंदीर आवरते. तो तिला कुणाला मारू देत नाही. "पण तू त्यांना घरात कशाला ठेवलंस?" हा प्रश्न त्याने विचारला, आणि तो रास्त आहे. ही पिल्लं पिढ्यान्‌पिढ्या माणसाकडे वाढलेल्या सापांची आहेत, रानातून आणलेली नाहीत.

म्हणूनच नाशिकच्या मित्रमैत्रिणींना हात जोडून सांगते, हे वाचून तिथे पिल्लू पकडू नका. आपल्याकडचे साप पकडणं, पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पावसाळ्यात गंगापूर रोडच्या बंगल्यांत, मळ्यांत पिल्लं दिसतात. तस्कर आणि कवड्या बिनविषारी, पण कवड्या आणि मण्यार यांत भल्याभल्यांची फसगत होते, आणि नाग-घोणसाचं पिल्लू जन्मापासून विषारी असतं. लांब उभं राहून नजर ठेवा, सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. पिल्लाला खायला-प्यायला काही देऊ नका.

आणि ज्यांची मुलं परदेशात साप पाळतायत त्यांच्यासाठी: जेवलेल्या पिल्लाला दोन दिवस हातात घेऊ देऊ नका, पुढची पिंकी पाच ते सात दिवसांनी, आणि सापाला हात लावला की हात साबणाने धुवायचे. साल्मोनेला सापांच्या अंगावर असतो.