तुम्ही विचारलंत म्हणून: इतकं शिकून भंगार?

हा प्रश्न मला दोन तऱ्हांनी विचारला जातो. लग्नकार्यात भेटणारी मावशी विचारते, "पुण्यात मेटलर्जी शिकलीस ना गं? मग आता भंगार घेतेस म्हणजे नेमकं काय करतेस?" आणि कॉलेजात बोलायला गेले की शेवटच्या वर्षाची मुलं विचारतात, "मॅडम, रिसायकल्ड मेटलच्या खरेदीत करिअर आहे का?" मावशीच्या प्रश्नात काळजी असते, मुलांच्या प्रश्नात आशा. दोघांनाही द्यायचं उत्तर एकच आहे, पण ते दोन वाक्यांत मावत नाही.

मी कोल्हापूरजवळच्या एका फौंड्रीत कच्च्या मालाची खरेदी बघते, चौदा वर्षं झाली. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात ट्रॅक्टर, ट्रक, पंप, व्हॉल्व्ह यांची कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेले लोखंडी भाग, तयार होतात. आमच्या इंडक्शन भट्टीत रोज जे पडतं त्यात खाणीतून आलेल्या लोखंडाचा वाटा, म्हणजे पिग आयर्नचा, थोडा. बाकी सगळं कुणीतरी वापरून किंवा कापून टाकलेलं असतं: प्रेसशॉपमधली पत्र्याची कातरण, पंचिंगच्या टिकल्या, मशीनशॉपमधलं बोरिंग, म्हणजे कास्टिंग कापताना पडणारा कीस, आणि आमचेच रनर-रायझर, म्हणजे ओतताना कास्टिंगला जोडून राहणारे जादा तुकडे. पत्र्यात कार्बन 0.1 टक्क्याच्याही आत असतो, कास्टिंगला तो साडेतीन टक्क्यांच्या आसपास लागतो. तेव्हा वरून कार्बन आणि सिलिकॉन घालायचं, की पत्र्याचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, होतं. हे जमतं म्हणून पिग कमी लागतं, आणि पिग कमी लागलं की कुठेतरी तेवढं खनिज आणि तेवढा कोळसा जमिनीतच राहतो. जागतिक पोलाद संघटनेचा हिशेब असा की एक टन स्क्रॅप वापरून पोलाद केलं तर 1,400 किलो लोहखनिज, 740 किलो कोळसा आणि 120 किलो चुनखडी वाचते. ॲल्युमिनियमचं तर याहून मोठं आहे. भंगारातून ते परत मिळवायला बॉक्साइटपासून काढण्याच्या मानाने जेमतेम 5 टक्के ऊर्जा लागते.

पण हे आकडे मला या कामात धरून ठेवत नाहीत. मला धरून ठेवलं ते एका गठ्ठ्याने.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. सकाळच्या पाळीत भट्टीचा नमुना स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर, लावला आणि क्रोमियम 0.04 यायच्या जागी 0.2 टक्क्यांच्या वर गेलं. आम्ही तेव्हा एसजी आयर्नची, म्हणजे आतला ग्राफाइट गोल कणांत असलेल्या बिडाची, हीट (भट्टीचा एक घाणा) घेत होतो. त्यात इतकं क्रोमियम म्हणजे धातूत कठीण कार्बाइड तयार होणार, कास्टिंग हार्ड येणार आणि गिऱ्हाइकाच्या मशीनवर टूल तुटणार. मेल्टरने हीट थांबवली. तो धातू साच्यांत न ओतता लाद्या पाडून बाजूला ठेवावा लागला. टनामागे सहाशे युनिटच्या आसपास जाळलेली वीज वाया गेली. पुढची हीटही तशीच निघाली.

माल होता सीआरसी, म्हणजे थंड अवस्थेत लाटलेल्या साध्या पोलादी पत्र्याच्या दाबलेल्या गठ्ठ्यांचा, दिसायला अगदी स्वच्छ. आम्ही उरलेले गठ्ठे गॅसने फोडले. तिसऱ्याच्या पोटात स्टेनलेसच्या पट्ट्या निघाल्या. गणित सोपं आहे: 304 जातीच्या स्टेनलेसमध्ये 18 टक्के क्रोमियम असतं, म्हणजे टनाच्या चार्जमध्ये, भट्टीत टाकायच्या मालात, अशा 10 किलो पट्ट्या गेल्या तरी सगळ्या धातूत 0.18 टक्के वाढ. 304 लोहचुंबकाला चिकटत नाही, मग क्रेनच्या मॅग्नेटने ते सोडलं कसं नाही, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण मॅग्नेट गठ्ठा उचलतो. गठ्ठ्यात नव्वद टक्के साधा पत्रा असेल तर उरलेलं त्याच्याबरोबर वर येतं. शिवाय 430 जातीचं स्टेनलेस क्रोमियम भरलेलं असूनही मॅग्नेटला चिकटतंच.

मी माल देणाऱ्या भंगारवाल्या दादांकडे गेले, जरा तावातच. ते शांतपणे म्हणाले, "ताई, गठ्ठा माझ्याकडं बांधूनच येतोय. त्याच्या पोटात काय हाय ते मी कुठनं सांगू? चला, जिथनं येतोय तिथंच जाऊया."

आम्ही त्यांच्या टेम्पोतून गेलो. लहानसं प्रेसशॉप होतं, दोनच प्रेस. आठवडाभर साधा पत्रा चाललेला, मधेच दोन दिवस कुणाची तरी स्टेनलेसची ऑर्डर निघालेली. दोन्ही कातरणी एकाच पिंपात. ते पिंप भरलं की ओढून प्रेसिंगला न्यायचं काम एका मावशी करत होत्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "मला म्हाइत हाय की दोन्ही येगळं हाय. चकाकतंय न्हवं! पर येगळं ठेवा असं कुणी सांगितलंच न्हाई."

त्या पिंपापाशी मला माझं काम कळलं. कॉलेजात शिकवलं होतं की धातू म्हणजे रासायनिक घटकांची टक्केवारी. ते खरंच आहे, पण ती टक्केवारी सगळ्यात स्वस्तात आणि सगळ्यात खात्रीने कळते ती धातू कापला जातो त्या क्षणी, त्या जागी. तिथे उभ्या असलेल्या माणसाला सगळं ठाऊक असतं. मग माल पिंपात मिसळतो, टेम्पोत मिसळतो, गोदामात मिसळतो, गठ्ठ्यात दाबला जातो, आणि प्रत्येक पायरीवर ती माहिती थोडी थोडी पुसली जाते. माझ्यापर्यंत येतो तेव्हा तो नुसता लोखंडाचा ढीग झालेला असतो आणि त्याचा भावही ढिगाचाच. पुसलेली माहिती मला यंत्रांनी परत मिळवावी लागते, आणि पूर्ण कधीच मिळत नाही. पुढे हातात धरायची एक्सआरएफ गन घेतली. चार सेकंदांत क्रोमियम, निकेल, तांबं सांगते. पण तिला कार्बन दिसत नाही, आणि गठ्ठ्याच्या पोटात तर तिला काहीच दिसत नाही.

तेव्हापासून मी माल घेत नाही, मूळ घेते. भाव ठरवण्याआधी विचारते: हे कुठे कापलं गेलं? कुठल्या मशीनवर? त्या मशीनवर आणखी काय चालतं? टर्निंगचं, म्हणजे लेथवर निघणाऱ्या किसाचं, उदाहरण घ्या. दोन ऑटो-लेथ शॉपचं टर्निंग शेजारी शेजारी ठेवलं तर तुम्हाला-मला फरक दिसणार नाही. पण एकाकडे साधा बार चालतो, दुसऱ्याकडे लेडेड, म्हणजे कापायला सोपा जावा म्हणून शिसं घातलेला. त्या शिशाचा अंश आमच्या धातूत गेला तर गोल ग्राफाइट बिघडतो, आणि ग्राफाइट गोल असणं हाच एसजी आयर्नचा जीव. लेडेडचं टर्निंग कुणी फुकट दिलं तरी मी घेणार नाही. म्हणून ते वाईट ठरत नाही, त्याची जागा दुसरीकडे आहे, एवढंच. तांब्याचंही तसंच. जालन्यात सळ्या करणाऱ्या भट्ट्यांना स्क्रॅपमधलं तांबं नको असतं, कारण एकदा वितळलं की ते काढता येत नाही आणि जास्त झालं की लाटताना पोलाद चिरतं. आणि आम्ही मात्र काही ग्रेडना मजबुती यावी म्हणून विकतचं तांबं मोजून घालतो.

मुलांना मी हे सांगते तेव्हा ती विचारतात की मग या मालाला प्रमाण असं काही नाही का. आहे, आणि मोठं गमतीचं आहे. अमेरिकेतल्या स्क्रॅप व्यापाऱ्यांच्या संघटनेने प्रत्येक प्रतीला एक शब्द दिलाय, तारेच्या जमान्यात संदेश छोटा व्हावा म्हणून. 'बेरी' म्हटलं की पहिल्या प्रतीची तांब्याची तार, 'हनी' म्हणजे पिवळं पितळ, 'रेन्स' म्हणजे शिशाच्या जुन्या बॅटऱ्या, 'झोर्बा' म्हणजे श्रेडरमधून, भंगाराचे तुकडे करणाऱ्या यंत्रातून, निघालेला, मुख्यतः ॲल्युमिनियमचा मिश्र माल. न्हावाशेव्याला उतरणारे कंटेनर आजही याच नावांनी विकले जातात. ही नावं पाठ करा, उपयोगी पडतात. पण माझ्या आजीकडेही प्रमाण होतं. ती जुनी घागर घेऊन कासाराकडे जायची, मोड द्यायला. कासार घागर उलटी करून बघायचा, डाख दिलेल्या जागांची सूट धरायचा, मग वजन. मोडीचा भाव आणि नव्या भांड्याचा भाव एकाच काट्यावर ठरायचा. चक्राकार अर्थव्यवस्था हा शब्द मी ट्रेनिंगमध्ये ऐकला, ती चालताना पाहिली होती गडहिंग्लजच्या बाजारात. 'मोडीत निघाला' हे आपण संपलेल्या माणसाबद्दल बोलतो, पण त्या दुकानात मोड म्हणजे नव्या भांड्याची किंमत होती. मला हा शब्द त्याच अर्थाने परत हवाय.

आता धोक्याचं. हे सांगितल्याशिवाय कुणाला या कामात बोलावू नये. 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरीतल्या भंगार बाजारात कोबाल्ट-60 असलेलं प्रयोगशाळेतलं जुनं उपकरण लिलावातून आलं आणि फोडलं गेलं. बाजारातली माणसं किरणोत्साराने भाजली, एकाचा जीव गेला. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की त्या पेटीत काय आहे. आमच्या गेटवर आज रेडिएशन मीटर आहे तो त्या माणसांमुळे. आणि पाऊस. कोल्हापुरातला पाऊस तुम्हाला माहीत आहे. वितळलेल्या धातूत ओलं भंगार पडलं की पाण्याची क्षणात वाफ होते आणि धातू भट्टीबाहेर उडतो. माझ्या तिसऱ्या पावसाळ्यात दोन्ही टोकं ठोकून बंद झालेला नळीचा एक तुकडा चार्जमध्ये गेला. आत पाणी होतं. आमच्या एका मेल्टरचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. तो बरा झाला, परत कामावरही आला, पण त्या लॉटच्या पासिंगवर सही माझी होती. तेव्हापासून जून ते सप्टेंबर मी यार्डात स्वतः उभी राहते. बंद नळी, शॉकॲब्सॉर्बर, सिलिंडर, झाकण न काढलेला डबा, काहीही पोकळ आणि बंद दिसलं की गाडी परत. पुरवठादार नाराज होतात. होऊ देत.

मुलांच्या प्रश्नाला सरळ उत्तर: हो, करिअर आहे, आणि वाढतंय. 2019 मध्ये पोलाद-भंगाराचं राष्ट्रीय धोरण आलं, 2021 मध्ये वाहनं मोडीत काढणाऱ्या नोंदणीकृत केंद्रांचे नियम आले, 2022 मध्ये बॅटरीचे, आणि एप्रिल 2025 पासून आयुष्य संपलेल्या वाहनांची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम लागू झालेत. ऑक्टोबर 2024 पासून नोंदणी नसलेल्या विक्रेत्याकडून धातूचं भंगार घेतलं तर जीएसटी घेणाऱ्याने भरायचा आहे. यातला प्रत्येक नियम कुणीतरी कागदावर आणि यार्डात दोन्हीकडे सांभाळायला लागतो. चाकणला डायकास्टिंगवाल्यांना ॲल्युमिनियमच्या स्क्रॅपची पारख असणारी माणसं हवीत, बॅटरीवाल्यांना शिशाची, ई-कचऱ्यावाल्यांना तांब्याची. आणि आता गिऱ्हाईकच विचारतं की कास्टिंगमध्ये पुनर्वापराचा धातू किती आणि तो आला कुठून. ज्याच्याकडे पुसली न गेलेली माहिती आहे त्यालाच हे लिहून देता येईल.

पण मुलांनो, फक्त पोर्टलवरचे लिलाव आणि व्हॉट्सॲपवरचे रोजचे भाव बघून ही खरेदी करता येईल असं वाटत असेल तर येऊ नका. मोडीचा माल वेगळा काढणारी माणसं तुमचे पहिले शिक्षक असतील. पुण्यात शिकताना मी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या बायकांना ढकलगाडीवर माल वेगळा करताना रोज बघायची. 1993 पासूनची ती संघटना, नावातच 'पत्रा' आहे. तेव्हा मला कळलं नव्हतं की त्या करतायत ते माझ्याच विषयातलं, आणि माझ्याआधीचं. आपल्याकडच्या धातूच्या साखळीची पहिली कडी अशा माणसांच्या हातात आहे, आणि तिथेच सगळ्यात कमी पैसे पोचतात. हे मला अन्यायाचं वाटतं, आणि माझ्या खुर्चीवरून ते थोडं बदलता येतं म्हणून मी ही खुर्ची सोडत नाही.

त्या प्रेसशॉपचं पुढे असं झालं. मालकांशी बोलून दोन पिंपं ठेवली, एक निळं, एक लाल. वेगळ्या काढलेल्या सीआरसीला आम्ही किलोमागे 50 पैसे वाढवून दिले, स्टेनलेस दादांनी वेगळ्या भावाने दुसरीकडे विकलं आणि त्यांना त्यात आमच्यापेक्षा जास्त सुटले. वाढीतला ठरलेला हिस्सा त्या मावशींच्या पगारात जाईल ही माझी अट होती. मालक आधी हसले, मग त्यांनी मान्य केली. ती वाढ दरमहा जाते, मी स्लिप बघते. आता आमचं बोरिंगही असंच परत येतं: गिऱ्हाइकाच्या मशीनशॉपमध्ये आमच्याच कास्टिंगमधून निघालेलं, तेल निथळून, ब्रिकेट करून, म्हणजे दाबून विटा पाडून. ते बसवायला चार वर्षं लागली. त्याची गोष्ट मोठी आहे, पुन्हा कधी विचारा.

मावशींकडे आता फोन आहे. गेल्या सोमवारी त्यांनी एक फोटो पाठवला: पिवळसर झाक असलेली पट्टी, पत्र्यासारखी पातळ. खाली आवाजात संदेश होता, "ताई, ह्ये निळ्यात का लालात?"

फोटोवरून मला सांगता येईना. मी लिहिलं, "बाजूला ठेवा. गुरुवारी गन घेऊन येते."